टेकडीची मागची बाजू

माझा भाऊ दर वर्षी संक्रांत झाली की काश्मीरला जातो, बर्फात घसरायला. वर्ध्यात आमचं माहेरचं कापडाचं दुकान आहे, ते तोच पाहतो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडून कंटाळला की त्याला डोंगर आठवतात. परत आला की मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला बसतो. पायाला फळ्या, हातात काठ्या, डोळ्यांवर हा एवढा गॉगल. "मोठ्या उतारावर तं कोणीही जाते ताई," तो म्हणतो, "खरी मजा झाडाइच्या मागच्या वाटेत. जुन्या लोकाइलेच माहीत राह्यते ते. तुले नाई समजणार."

हे तो कित्येक वर्षं ऐकवत होता आणि मी दर वेळी जीभ आवरून गप्प बसत होते. मी गप्प बसणारी बाई नाही, घरात कोणालाही विचारा. पण मला शपथ होती. ती यंदा दिवाळीनंतर सुटली, म्हणून हे सांगता येतंय.

माझं सासर गिरडकडच्या एका खेड्यातलं. भाजीपाल्याचं घर. वांगी, टमाटर, मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, पहाटे तोडायचं आणि बाजाराला धाडायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला मीटर कापता येत होता, गवत नाही. दिवाळी झाली की गावातल्या बायका टेकडीवर गवताला जायच्या. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी माझ्या हातात विळा दिला. दिवसभरात बोटं चिरली, साडीभर कुसळं टोचली, पाठ मोडली. डोक्यावर भारा चढला तेव्हा मान खांद्यात गेली आणि मला आईची इतकी आठवण आली की मी उभ्याउभ्या रडायला लागले. असल्या घरात मला दिलंच कशाला, असा बाबांचाही राग आला.

घराची पायवाट टेकडीच्या समोरून होती. बायका मात्र मागच्या अंगाला निघाल्या. मी म्हटलं, "आई, घर तर तिकडे आहे."

"चूप राह्य अन् मांगं ये," सासूबाई म्हणाल्या.

मागचा उतार मी तोवर पाहिलेला नव्हता. वरपासून खालपर्यंत पिवळं वाळलेलं गवत, सगळं एकाच दिशेनं विंचरल्यासारखं आडवं पडलेलं. बायकांनी कमरेला खोचलेली खताची रिकामी पोती काढली, भाऱ्याखाली अंथरली, भाऱ्यावर बसल्या, आणि एकेक करत सुर्रकन खाली. कोणी ओरडत नव्हतं, तोंडात पदर कोंबून हसत होत्या. ज्या बाईच्या डोक्यावरचा पदर मी घरात एकदाही ढळलेला पाहिला नव्हता, त्या माझ्या सासूबाईंनी कासोटा मारला, भाऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस मांगं. मले धर. पाय वर धरजो, नाईतं तोंडावर पडशीन."

मी त्यांना घट्ट धरलं. डोळे मिटले, कानात नुसतं गवत सळसळलं, आणि आम्ही खाली नाल्याच्या काठाला जाऊन आडव्या झालो. मी हसायला लागले ती थांबेचना. सासूबाई माझ्या केसातली काडी काढत म्हणाल्या, "आता रडून राह्यली नाई न?" त्या दिवसापासून ती बाई मला आवडायला लागली, खरंच सांगते.

तशा तीन वाटा होत्या. 'मोठी', सरळ कड्यासारखी. 'पळसाची', दोन पळसांच्या मधून, तिथे अंग चोरावं लागायचं. आणि 'बुढीची', जिच्यावरून पोटुश्या आणि म्हाताऱ्या यायच्या. सासूबाई कायम 'मोठी'वरून. भारा डोक्यावर घेऊन पायवाटेनं उतरायचं म्हणजे गुडघ्याची वाट लागते, त्यापेक्षा हे बरं, असं त्या म्हणायच्या. पण कोणाला फसवता? गुडघे न दुखणाऱ्या पोरीही त्याच वाटेनं यायच्या.

नियम एकच. पुरुषमाणसांना सांगायचं नाही. त्यांना कळलं तर म्हणतील, बायका टेकडीवर खेळायला जातात, आणि उद्यापासून गवताला सालदार गडी पाठवतील. माझ्या सासऱ्यांचा सगळ्यात जास्त धाक. फार कमी बोलायचे ते. जेवताना भाजी अळणी असली तरी ताट सरकवून उठायचे, पण मीठ मागायचे नाहीत. असा माणूस काय विचार करतो हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे त्यांच्यासमोर गवत हा शब्दसुद्धा आम्ही जपून काढायचो. मला सासूबाईंनी तुळशीपुढे शपथ घ्यायला लावली होती.

सासरे गेले. गुरं कमी झाली, वावर ठेक्यानं दिलं, आम्ही वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहायला आलो. सासूबाई इथे आल्यापासून त्यांच्या गुडघ्यांनी जणू सूडच घ्यायचा ठरवला. जिना उतरता येईना. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले. वर हेही सांगितलं की ऑपरेशननंतर जमिनीवर बसायचं नाही, कधीच नाही. खुर्ची आणि पलंग, बस.

त्या दिवशी घरी येऊन सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तारीख ठरवायची म्हटलं की 'पाहू'. माझा नवरा समजावून थकला. शेवटी तो बाहेर गेलेला असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "भाऱ्यावर बसाचं म्हंजे जमिनीवर बसल्यासारखंच न," त्या म्हणाल्या. "एकडाव मले टेकडीच्या मागून घसरू दे. मंग काय कापायचं ते कापा. नाईतं मी काई टेबलावर चढत नाई."

आता बोला. ऑपरेशन झालं नाही तर ही बाई वर्षभरात अंथरुणाला खिळणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि घसरताना काही मोडलं तर मला नवऱ्याला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. मी रागावले, हात जोडले, डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. त्या फक्त म्हणाल्या, "भेव वाटते मले त्या ऑपरेशनचं. हे झालं तं नाई वाटणार." मग मी काय करणार होते?

दिवाळीनंतरच्या रविवारी नवऱ्याला सांगितलं की आईंना वावर पाहायचंय आणि टेकडीवर थोडं ऊन खायचंय. टेकडीवर आता मोबाईलचा टॉवर आहे, त्यामुळे मुरमाचा रस्ता थेट वर जातो. त्यानं आम्हाला गाडीतून वर सोडलं. "तू वावरात जाऊन ये, वांग्याइवर अळी पडली का पाह्य," सासूबाईंनी त्याला हाकललं. तो गेला. माझ्या पिशवीत थर्मासखाली खताचं पोतं होतं आणि विळा होता.

गवत आता कोणी कापत नाही, कमरेइतकं वाढलेलं. मी भारा कापला, बांधला. सासूबाईंना एका हातानं धरत धरत काठाशी आणलं. मी म्हटलं, "आई, बुढीचीवरून जाऊ."

"बुढी तू असशीन," त्या म्हणाल्या, आणि 'मोठी'च्या तोंडाशी जाऊन बसल्या.

मी पुढे बसले, म्हटलं काही आदळलं तर आधी मला आदळू दे. त्यांनी मागून माझ्या कमरेला मिठी मारली. मी देवाचं नाव घेतलं आणि टाच सोडली. भारा निघाला तसा निघाला. मध्यावर धाडकन एक गोटा लागला, भारा तिरपा झाला, माझं कोपर खरचटत गेलं, आणि मी मनात म्हटलं, संपलं. पण मागून सासूबाई डावीकडे कलल्या, भारा सरळ झाला आणि नाल्याच्या काठाला जाऊन अलगद टेकला.

मी आधी त्यांचे गुडघे चाचपले, मग पाठ, मग डोकं. त्या हसत होत्या. पदर गळ्यात, केसभर कुसळं. "लागलं का तुले?" माझं कोपर पाहून त्या म्हणाल्या. मग मागे वर पाहत पुटपुटल्या, "इथं गोटे कुठून आले? या उतारावर कधी गोटे नोते."

नवऱ्याला फोन करावा म्हणून मी मोबाईल काढला, तोच नाल्याकडून तो स्वतःच येताना दिसला. गाडी नाल्यापलीकडे वावराशीच ठेवून पायी आला होता. पळायला जागा नव्हती. मी पोतं पाठीमागे घेतलं.

"पायीपायी उतरलो," सासूबाई म्हणाल्या. ज्या बाईला जिना उतरता येत नाही, ती.

त्यानं आईकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत दबलेल्या गवताच्या पट्ट्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फटाका फुटणार. तो खाली बसला आणि आईच्या केसातली कुसळं वेचायला लागला.

"गोटे लागले असतीन," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून कोणी उचललेच नाई न."

सासूबाईंना कळलं नाही. मलाही नाही. तो खाली पाहतच सांगत होता. उन्हाळ्यात टेकडी बोडकी झाली की बाबा एकटे इकडे यायचे, तिन्ही वाटांवरचे गोटे उचलून नाल्यात टाकायचे. दर वर्षी. तो मोठा झाल्यावर त्यालाही सोबत न्यायचे. "मले म्हणत, तुह्या मायले सांगजो नको. आपल्याले माहीत आहे असं कळलं, तं ते घसरणं सोडून देईन."

सासूबाईंनी वर त्या उताराकडे पाहिलं. मग रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ सरकले, तर माझा हात बाजूला केला.

"मी हसे ते तुह्या बाबाले ऐकू जात असन का रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हाव," तो म्हणाला. "वावरातून ऐकू येते. बाबा काम थांबवत."