अर्धं कटिंग आणि मधमाशीचा श्वास

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आणि माझ्या खुर्चीत बसलेलं सहा वर्षांचं पोर आरशात बघून माझ्यावर सापासारखं फुत्कारत होतं.

"सम्यक, नाकाने आत घे. आता हळूहळू सोड. स्स्स्स," त्याची आई बाजूला उभी राहून सांगत होती.

पोराने सोडला. कपड्यावर पडलेले केस उडाले ते माझ्या चष्म्यावर, मिशीत आणि चहाच्या ग्लासात.

कोपरीत माझं कटिंगचं दुकान आहे. साताऱ्याकडच्या गावातून इथे आलो तेव्हा चौथीपर्यंतची शाळा आणि वडिलांची कात्री एवढंच बरोबर होतं. बाकीचं हाताने शिकलो. मानेवरची लाईन माझ्याइतकी सरळ ठाण्यात कोणी मारत नाही. हे मी म्हणत नाही, लोकांच्या माना म्हणतात.

दुकान आता मुलगा बघतो, संदीप. त्याला दारातली पहिली खुर्ची पाहिजे होती. हेअर स्पा करणारा एक माणूस ठेवायचा होता त्याला तिथे. ती खुर्ची माझी. आठवडाभर आधी एक पोर माझ्या हातून अर्धं कटिंग करून पळालं आणि संदीपला कारण मिळालं.

"अण्णा, आता पोरं तुमच्याकडे बसत नाहीत. तुम्ही गल्ल्यावर बसा ना आरामात."

"गल्ल्यावर तुझा सासरा बसव," मी म्हणालो.

"बरं. एक काम करा. पुढचं जे रडकं पोर येईल त्याचं कटिंग न रडवता पूर्ण करा. जमलं तर खुर्ची तुमची. परत विषय काढणार नाही."

पुढचं पोर म्हणजे हा सम्यक. दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला त्याच्या मावशीचं लग्न. केस डोळ्यांवर आलेले. वर्षभर कोणाला हात लावू दिला नव्हता म्हणे.

लहान पोरांसाठी आम्ही खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतो, म्हणजे डोकं आमच्या हाताशी येतं. पोरं फळीला भीत नाहीत, कात्रीलाही नाहीत. भितात मशीनला. मशीन म्हणजे केस बारीक करायची विजेची. माझी जुनी, वायरवाली, जड. कानामागे नेली की पोराला वाटतं काहीतरी डोक्यात शिरतंय. त्यावर माझे उपाय ठरलेले. तो बघ कावळा. हे घे चॉकलेट. नाहीतर बापाने मुंडकं धरायचं.

सम्यकची आई म्हणाली, "काका, मुंडकं धरायचं नाही. त्याच्या शाळेत श्वासाचे खेळ शिकवतात. घाबरलं की करायचे. तो करेल, तुम्ही कापा."

"मॅडम, श्वास घरी घ्यायला सांगा. इथे केस कापायचे आहेत."

"काका, तो श्वास घेतोय म्हणून खुर्चीत आहे. मागच्या वेळी खुर्चीखाली होता."

 मी कात्री झटकली आणि कापायला लागलो.

सापाचं काय झालं ते सांगितलंच. मग फुगा झाला. पोट फुगवायचं आणि सोडायचं. पोराने पोट फुगवलं की कपडा वर, खांदे वर, मान आत. माझा कंगवा कानात. मग सिंह. सिंहात तोंड उघडून, जीभ बाहेर काढून 'हाऽऽ' करायचं. केस पडत असताना ज्याने जीभ बाहेर काढायचं शोधून काढलं तो माणूस टकला असणार. सम्यक थू थू करायला लागला.

बाकड्यावर सावंत पेपर वाचत बसलेला. तो कटिंगला येत नाही, केस नाहीतच त्याला. फुकटचा पेपर आणि माझी फजिती, दोन्हीसाठी रोज येतो.

"अरे, साप झाला, सिंह झाला," तो म्हणाला. "आता हत्ती आला तर मला आधी सांग रे. मी दारात बसलोय."

दुसऱ्या खुर्चीत एका तरुणाच्या तोंडाला संदीपने मातीचा फेसपॅक लावला होता. त्याला हसायची बंदी होती, पॅक तडकतो. बिचारा डोळ्यांनीच हसत होता.

"एक राहिलाय," आई म्हणाली. "मधमाशी. ओठ बंद करायचे आणि म्म्म् करायचं. कानात बोटं घालून."

"कानात बोटं घातल्यावर मी कल्ले कुठून काढू? कोपरातून?"

"मग बोटं नको घालू रे सम्यक. नुसतं म्म्म् कर."

तो करायला लागला. मीही हट्टाला पेटलेलो. मशीन हातात घेतली, पण डोक्याला लावली नाही. नुसती चालू करून त्याच्यासमोर धरली. घुंऽऽऽ.

पोराने म्म्म् थांबवलं. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आजोबा, ही पण मधमाशी आहे?"

"म्हातारी आहे. चावत नाही, दात गेलेत."

त्याने परत म्म्म् सुरू केलं, या वेळी मशीनच्या सुरात सूर मिळवून. आता दोघांचा आवाज एकच. स्वतःच्या आवाजाला कोण भिणार? मी मशीन कानामागे नेली. मान हलली नाही. डावी बाजू झाली, मागची निम्मी झाली. सावंतने पेपर खाली ठेवला. मी संदीपकडे बघितलं नाही, पण त्याने बघावं म्हणून जरा सावकाश कापलं.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला, मशीन थांबली. अर्धं डोकं बारीक, अर्ध्यावर जंगल. सम्यकचा खालचा ओठ पुढे आला. "आजोबा, मधमाशी मेली?"

"झोपली. दुपारची झोपते."

संदीप पुढे आला. "अण्णा, माझी बॅटरीची घ्या. चार्ज आहे."

त्या मशीनला मी खेळणं म्हणायचो. पण अर्धं डोकं समोर होतं. घेतली. चालू केली. ईंऽऽऽ.

"हा डास आहे!" सम्यक ओरडला. "डास चावतो! मम्मी, डेंग्यू!"

पाय झाडायला लागला. फळी हलली. आईने "म्म्म् कर बाळा" म्हटलं, पण पोराला म्म्म् लागेना, डासाचा सूर फार वर. डोळ्यांत पाणी जमलं, अजून सांडलं नव्हतं.  संदीपने माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, सामान उचलायच्या आधी ठेवतात तसा.

ते मला सहन झालं नाही. मी डास बंद केला, कात्री-कंगवा घेतला आणि तोंड मिटून स्वतःच सुरू झालो. घुंऽऽऽ.

पोराने मान वर केली. "आजोबा, तुम्ही?"

मी मान डोलावली. बोललो असतो तर मधमाशी बंद पडली असती.

पण माझा दम पुरेना. चार केस कापले की श्वास संपायचा, श्वास घ्यायला थांबलो की पोर हलायचं. मी कात्रीनेच सावंतला खूण केली.

"मी नाही हं," सावंत म्हणाला. "माझी कवळी थरथरते."

"काढून ठेव! घुंऽऽ."

सावंतने कवळी रुमालात बांधली आणि लागला. त्याची मधमाशी कोकणातली, नाकातून निघाली. आई लागली. फेसपॅकवाल्याला तोंड उघडता येत नव्हतंच. त्याच्यासारखा भरदार आवाज कोणाचाच नव्हता. शेवटी मी संदीपकडे कात्री रोखली. त्याने इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं कोणी नाही ना ते, आणि तोही लागला. एकाचा दम संपला की दुसरा. मध्ये फट नाही.

दारातून भाजीची पिशवी घेतलेली एक बाई डोकावली. अंधारं दुकान, मिटलेली तोंडं, सगळ्यांचा घुमणारा आवाज. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच सावंतला विचारलं, "कोण गेलं?"

सावंतला बोलता येईना. त्याने बोट वर केलं, लाईटच्या बल्बकडे. बाई हळहळून निघून गेली.

माझा हात तसा थरथरत नाही. संदीप म्हणतो थरथरतो. पण त्या दिवशी म्म्म् करत कापताना हात जसा चालला तसा लग्नाच्या नवऱ्यांवरसुद्धा चालला नव्हता. उजवी बाजू झाली. पुढचे केस झाले. सम्यक डोळे मिटून गुणगुणत होता. शेवटचा कल्ला काढला आणि तेवढ्यात लाईट आली.

माझ्या मशीनचं बटण चालूच राहिलेलं. काउंटरवर ती एकदम जागी झाली, घुंऽऽ करत, नाचत नाचत कडेपर्यंत गेली आणि कोणी हात घालायच्या आत फरशीवर पडली. दोन तुकडे.

"मधमाशी उडाली!" सम्यक टाळ्या वाजवायला लागला. फेसपॅकवाला हसला आणि त्याचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकलं.

पोराने आरशात दोन्हीकडून बघितलं आणि खूश होऊन आरशाला एक सिंह दिला. आई म्हणाली, "थँक यू काका. लग्नात सगळे विचारतील."

ती दोघं गेल्यावर संदीपने मशीनचे तुकडे उचलले. माझ्यासोबत तीस वर्षं होती ती. "खुर्ची तुमची, अण्णा," तो म्हणाला. "पण मशीन गेली. आता काय करणार?"

"बघू," मी म्हणालो.

एवढ्यातून मी शिकलो ते एवढंच. घाबरलेल्या पोराला गप्प बस म्हणून काही होत नाही. त्याच्याबरोबर आवाज करावा लागतो, आणि त्यासाठी मोठ्यांना आधी थोडी लाज सोडावी लागते. सावंतने कवळीसुद्धा सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात सगळे झोपलेले असताना, मी संदीपच्या बॅगेतून बॅटरीची मशीन काढली. स्वयंपाकघरात गेलो, दार ओढून घेतलं, चालू केली आणि डासाचा सूर लावून बघितला. फार वरचा आहे. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा जरा बसला. तिसऱ्यांदा असा चपखल बसला की आतल्या खोलीत बायको झोपेतच उठली आणि तिने मच्छरची कॉइल लावली.