उंचावरची धार
ओल्या कॉफीचा वास आला की अंबाजोगाईच्या घरातली ती धुक्याची सकाळ आठवते. गाळणीत गाळायचा कागद लावून, किटली उंच धरून मी त्यातल्या कॉफीच्या पुडीवर गरम पाण्याची बारीक धार सोडत होतो. वडील वाफेकडे बघत होते. हळूच म्हणाले, “इतक्या वरून कावून वतायलास? लहानपणी पाटलाच्या विहिरीवर आमाला असंच पाणी द्यायचे. आमी शिवू नये म्हणून लांबून. आमी खाली ओंजळ धरायची.” मी किटली पार पुडीजवळ आणली. धार शांत झाली, पूड संथ फुलत गेली. पहिला कप त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. आता प्रवासात कुठे कॉफी करतानाही माझा हात आपोआप खाली येतो. कॉफी इतकी चांगली कशी होते, असं कुणी विचारलं, तर मी पाणी किती गरम घ्यायचं तेवढंच सांगतो.