बापूदा, मी आणि सेकंडहँड कॉम्प्युटर

नवीन वस्तूबरोबर वॉरंटी येते, जुन्या वस्तूबरोबर किस्से येतात. माझ्या घरात कॉम्प्युटर म्हणून जी जी धुडं आली, ती भंगारवाल्यानं केव्हाच नेली. किस्से न्यायला मात्र कुणी आलं नाही, ते साठतच गेले. कट्ट्यावर बसलं की कुणीतरी एक काढतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि चहा गार होतो. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

आधी मंडळींची ओळख करून देतो. मी शाळामास्तर, शिवाजी पेठेत राहतो. आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमचे जुने गोलकीपर बापूदा, त्यांच्यावर कादंबरी लिहायचं माझ्या डोक्यात होतं. बापूदांची सत्तरी उलटलेली आणि डोळे झपाट्यानं अधू होत चाललेले. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "मी वाचून दाखवीन की." म्हातारा उखडला. "माझी म्याच म्या बघणार! दुसऱ्यानं सांगितल्याली न्हाय!"

झालं, मी शब्द देऊन बसलो. डोळे शाबूत आहेत तोवर पुस्तक हातात ठेवायचं. रोज संध्याकाळी ते दारात यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "मास्तर, कुठपतुर आणलंस मला?"

* * *

माझं अक्षर इतकं वाईट, की मुलं तपासलेले पेपर परत घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हा शेरा चांगला आहे का वाईट?" गल्लीच्या तोंडाशी रफीकचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं तो करायचा. पहिलं प्रकरण त्याच्याकडं नेलं. त्यानं कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"सर, एक काम करू. माझं जुनं मशीन तुम्ही घरी न्या. तुमचं तुम्हीच टाईप करा. माझी सुटका करा!"

ते मशीन रिक्षातून घरी आलं. मॉनिटर माझ्या मांडीवर होता. माझी बायको सुनंदा दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी. तो तुकडा तिनं मशीनवरून ओवाळून टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं, मग आम्हाला आत घेतलं. रफीकनं वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. सुनंदा मला म्हणाली, "अहो, पहिल्यांदाच आलंय. जरा बसू तर द्या त्याला!"

तासाभरानं खरंच सुरू झालं. तेव्हापासून कुठलंही मशीन आणलं की आम्ही आधी बसू देतो.

* * *

लोडशेडिंगचे दिवस होते. दोन पानं लिहून व्हायची आणि लाईट जायची. लिहिलेलं सगळं गुडुप! पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा मी दात ओठ खाऊन तीच दोन पानं परत लिहिली. बापूदा शेजारी बसून म्हणायचे, "पेनाची लाईट कधी गेल्याली बघितलीस व्हय?"

मग दर दोन ओळींनी दोन बोटांनी दोन बटणं दाबून सेव्ह करायची सवय लावली. सुनंदाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण पंखा जरा मंदावला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, सेव्ह!" तिच्या या ओरडण्यानं माझी निम्मी कादंबरी वाचवली.

एकदा कुरुंदवाडला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं. मंगलाष्टका रंगात आलेल्या. शेवटच्या अक्षतांची वेळ आणि मांडवातले दिवे एकदम मंद झाले. बायकांच्या गर्दीतून खणखणीत आवाज आला, "अहो, सेव्ह!"

भटजी थांबले. सगळा मांडव तिच्याकडं वळला. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं हे नशीब, कारण तोवर माझी दोन बोटं शेजारच्या माणसाच्या मांडीत कचकन रुतली होती. तो बिचारा कळवळून म्हणाला, "पावणं, म्या काय केलंय?"

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, माझं पेन, शिवणयंत्र सगळं मांडून ठेवतात. त्या वर्षी सुनंदा म्हणाली, "आता तुमचं हत्यार हेच की." तिनं मशीन पुसलं, हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आता झेंडूचं फूल ठेवायचं कुठं? समोरच छानशी फट दिसली. फ्लॉपीची! फूल मावेना, म्हणून तिनं पाकळ्या सुट्या केल्या आणि मनोभावे एकेक आत सारली.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून आलो, फ्लॉपी घातली. मशीननं असा आवाज काढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

रफीकनं पेटी उघडली. आतून पाकळ्या निघाल्या, तांदूळ निघाले, चिमूटभर कुंकूही निघालं. तो हात जोडून म्हणाला, "वैनी, नारळ तेवढा आत फोडला न्हाईसा, उपकार झाले!"

पाचवं प्रकरण त्या फ्लॉपीत होतं, ते गेलं. मी परत लिहिलं. पुढच्या वर्षी सुनंदानं मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि पिशवीची पूजा केली. मी म्हटलं, चालेल. देवाला पोचतं की.

* * *

निम्मं पुस्तक झाल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकांना फ्लॉपी पाठवली. तेव्हा प्रत्येकाचा फाँट वेगळा. आपलं मराठी दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की सगळे कंस, टोप्या आणि उद्गारचिन्हं! हे मला ठाऊकच नव्हतं. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"तुमचं लेखन पाहिलं. धाडसी आहे. पण आम्ही कविता छापत नाही."

मी फोन ठेवला. बापूदांना काय सांगायचं? त्यांना जाडजूड अक्षरंसुद्धा आता जवळ धरून वाचावी लागत होती. त्याच दिवशी रफीककडं बसून सगळी पानं कागदावर काढली आणि एस.टी.च्या पार्सलनं रवाना केली. "कविता नाही, फुटबॉल आहे," अशी वर चिठ्ठी लावली. त्यांचा होकार आला. फक्त म्हणाले, लवकर संपवा.

* * *

पुढं भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप दिला. "मामा, आता कुठंही बसून लिही." त्याची बॅटरी केव्हाच वारली होती. त्यामुळं कुठंही म्हणजे वायर पोचेल तिथं! मी पिशवीत एक्स्टेन्शन बोर्ड घालून हिंडायचो.

मुरगूडच्या एका वाचनालयानं कादंबरीतलं प्रकरण वाचायला बोलावलं. बापूदाही हट्टानं बरोबर आले. एस.टी.त कंडक्टरनं मांडीवरची पेटी बघितली आणि विचारलं, "भजनाला निघालाय व्हय?"

सभागृहात पोचलो तर बोर्ड नेमका घरी राहिलेला, भिंतीत प्लग एकच, आणि त्यात माईक लावलेला. लॅपटॉप लावला की माईक बंद. माईक लावला की लॅपटॉप बंद. म्हणजे वाचता येईल तर ऐकू जाणार नाही, आणि ऐकू जाईल तर वाचायचं काय? अध्यक्ष, माईकवाला आणि मी, तिघं प्लगभोवती उकिडवे बसलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून बापूदा गरजले, "उपट तो माईक! पेठेतल्या माणसाला माईक कशाला लागतोय?"

मी तास दीड तास बोंबलून वाचलं. शेवटी आभार मानायला अध्यक्ष उठले आणि त्यांनी सवयीनं माईक परत लावला. वाचता वाचता केलेल्या दुरुस्त्या मी अजून सेव्ह केल्या नव्हत्या!

* * *

शेवटच्या प्रकरणासाठी बापूदांच्या तोंडून त्यांनी खेळलेल्या फायनलची हकीकत हवी होती. रफीकनं कुठूनतरी खिशात मावणारा रेकॉर्डर पैदा केला. आवाज आला की आपोआप सुरू, थांबला की बंद. टेप वाया जात नाही म्हणे!

बापूदा दुपारभर बोलले. घरी येऊन ऐकलं, तर सगळी मॅच खणखणीत आणि नेमका शेवट गायब. तो गोल सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मशीनला वाटलं माणूस बोलायचा थांबला. ओल्या मैदानावरून सरपटत आलेला साधा बॉल बापूदांच्या डावीकडून आत गेला आणि पेठ हरली, एवढीच ती गोष्ट.

परत गेलो. म्हटलं, "बापूदा, तेवढं जरा मोठ्यानं सांगा."

त्यांनी रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "मशीनला बी कळतंय मास्तर, काय ऐकाय नको ते."

पण सांगितलं. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. निम्मी पेठ ते प्रकरण विसरली होती. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं त्यांना विचारलं, "बापूदा, तुम्ही सोडला व्हय वो त्यो?"

* * *

शेवटचं प्रकरण लिहून झालं. जसं घडलं तसंच लिहिलं होतं. बापूदांना दाखवलं, तर त्यांनी पडद्याला नाक लावून सगळं वाचलं आणि तडक घरी गेले. सकाळी प्रिंट काढायला रफीककडं जाऊन लॅपटॉप उघडला, तर आत टकटक आवाज आणि पडदा काळा. रफीकनं सगळे उपाय करून पाहिले आणि मान हलवली. "हार्डडिस्क गेली सर. आधीची प्रकरणं माझ्याकडं हायती. शेवटचं न्हाय."

इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. तेवढ्यात बापूदा भिंत चाचपत आत आले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. माझं मुसमुसणं ऐकूनच म्हणाले, "काय झालं?"

"शेवटचं प्रकरण गेलं, बापूदा."

"समदं?"

"सगळं."

"त्यो गोल बी?"

"तोही."

त्यांनी काळ्या पडद्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "आता काय करणार?"

"काय करणार म्हणजे? परत लिहिणार. आत्ता, इथंच बसून," मी म्हणालो. रफीकनं आपली खुर्ची मला दिली आणि हातातली लग्नपत्रिका बाजूला ठेवली. मी नवी फाईल उघडली.

बापूदा जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रेकॉर्डरला कधीच ऐकू गेला नसता अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्या टायमाला मला एक पाऊल डावीकडं उभा कर की."

मी पहिली ओळ टाईप केली. मैदान ओलं होतं.

मागं वळून पाहिलं, तर म्हाताऱ्यानं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. ते डावीकडं सरकले, गुडघे वाकवले, दोन्ही हात पसरले आणि पडद्याकडं बघत म्हणाले,

"हां. आता मारू दे त्याला!"