आप्पांचा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. साताऱ्याच्या घरी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, जो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलाय, तो खोटा आहे.

तेव्हा मी स्कॉटलंडमध्ये नोकरीला होतो. खिडकीतून बेनाही नावाचा डोंगर दिसायचा, माथ्यावर जुन्या किल्ल्याची तटबंदी असलेला. सुट्टीत घरी आलो तेव्हा सहज बोलून गेलो, की तिकडे डोंगर चढताना लोक पायथ्याचा एक दगड वर नेतात आणि तिथल्या ढिगात ठेवतात. दर रविवारी गड चढणारे आप्पा नुसते ऐकत राहिले. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा एक दगड माझ्या हातात ठेवला. "माझ्याच्यानं काही तिकडं येणं व्हायचं नाही. तू वर ने."

आई म्हणाली, "वजन होतंय म्हणून लोणच्याची बरणी काढायला लावलीत, आणि आता दगड भरताय होय!"

दोन वर्षं मी त्या डोंगरावर गेलो नाही. पाय ठणठणीत होते. पण लहानपणी त्यांच्यामागं फरफटत गड चढलेलो, त्यांच्या त्या वेडाची मला लाज वाटायची. नोकरी बदलून अमेरिकेला यायच्या आदल्या रविवारी एकदाचा गेलो. वाटेत पडक्या घरांच्या भिंती लागल्या. गरिबांनी मोकळ्या जमिनीवर वस्ती केली होती, पुढं जमीनदारांनी ती जमीन वाटून घेतली, वस्ती उठली. फलकावर वाचत होतो तेवढ्यात पाऊस आला. तिथल्याच एका भिंतीवर दगड ठेवून फोटो काढला आणि आप्पांना पाठवला. खाली लिहिलं, "ठेवला." दगड मात्र तिथं सोडवेना. खिशात घालून परत फिरलो.

आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवतात. "ही तिथली तटबंदी. मी नाही, पण माझा दगड पोचला."

इथं अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, सगळं सपाट. ऑफिसला ड्राइव्ह करताना चढ लागतो तो फक्त ओव्हरपासचा. दगड किचनच्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या बॅटऱ्यांशेजारी. परवा लेकीनं विचारलं, "बाबा, व्हाय डू वी ओन अ रॉक?"

"घरचा आहे," मी म्हणालो.

"विच घर?"

सातारा म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांपुढं आली ती पावसातली पडकी भिंत. मी ड्रॉवर लावून टाकला.

गेल्या महिन्यात फोनवर आप्पा म्हणाले, "आता जिनाही होत नाही रे. तू पाठवलेला तो फोटो बघतो, चढून आल्यासारखं वाटतं."

त्यांचा दगड वर न्यायचा राहिलाय. आणि त्याआधी, ते आहेत तोवर, त्यांना खरं सांगायचं राहिलंय.