माझ्या अंगणात सरळ उभी राहिलेली गाडी

तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा! पण चहा सांडू नका आणि मधे तोंड घालू नका. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या मी, आज स्वतःची सांगतो. माझ्या हातून एकच गाडी तिरकी झाली, आणि ती नेमकी सासरकडची!

मी शिकलो चौथीपर्यंत. पण आनंदनगरच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घातली. साहेब लोक नकाशा घेऊन माझ्याकडे यायचे, 'मिस्त्री, हे बसेल का?' विचारायला. त्याचा मला माज होता. होताच! खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा मेहुणा काळूराम, बदलापूरकडचा. त्यानं जमीन विकली. हातात पैसा आल्यावर शहाणा माणूस काय करतो? ट्रॅक्टर घेतो. यानं मुंबईच्या कुणा म्हाताऱ्याची जुनी स्पोर्ट्स कार आणली! लाल भडक, परदेशी, दोन दरवाजे, दोन सीटा. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. मागे स्प्रिंगच्या जागी टेम्पोला असतात तसे लोखंडी पाटे, तेही दबून सपाट झालेले. बदलापूरच्या प्रत्येक खड्ड्यात गाडीचं बूड घासायचं.

"भावोजी," काळूराम म्हणाला, त्यांच्या बोलीत 'गाडी'ची 'गारी' होते, "पोराची वरात हिच्यातनंच कारायची हाय. कायतरी करा!"

बायको म्हणाली, "अहो, गॅरेजवाल्याला दाखवा ना."

झालं! गॅरेजवाल्याला? मी जिवंत असताना? मी सासरच्या धा माणसांसमोर छाती ठोकली. "पाटे काढून फेकतो! मोटरसायकलला मागे असते ना, शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली, तसली दोन बसवतो. खाली आट्यांची रिंग. रिंग फिरवा, गाडी वर. उलटी फिरवा, गाडी खाली. पाण्याचा थेंब हलणार नाही असा नवरदेव आणतो मांडवात!"

कारखान्यातून सुट्टी टाकली. अंबरनाथ पश्चिमेला माझं घर, पुढे ऐसपैस अंगण. तिथं गाडी घेतली, तोंड घराकडे. पाटे काढले, शॉकअप अडकवायला चासीला वर खुंट वेल्ड केले, स्प्रिंगा उल्हासनगरच्या लछूशेठकडून वळवून आणल्या. चार दिवसांत काम फत्ते! डिकीवर पाणसळ ठेवली, सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी.

बुडबुडा गेला उजवीकडे. म्हणजे डावी बाजू तीन बोटं खाली.

ठीक आहे, रिंग कशाला आहे? डावी रिंग फिरवली, बुडबुडा मधोमध. आहे का नाही कारागिरी?

दुसऱ्या दिवशी गाडी वळवली, तोंड रस्त्याकडे केलं, म्हणजे निघताना सोपं. कौतुकानं पुन्हा पाणसळ ठेवली. तर उजवी बाजू खाली! तीन नाही, सहा बोटं! रात्रीत उजवी स्प्रिंग बसली?

ती काढली आणि मी तडक उल्हासनगर. लछूशेठच्या दुकानात गिऱ्हाइकं असताना स्प्रिंग काउंटरवर आपटली. "ये स्प्रिंग है का जिलेबी? एका रात में बैठ गया!"

माणूस थंड डोक्याचा. स्प्रिंग मापली, दाबली, सोडली. "साईं, माल में खोट नहीं है. गाडी किधर खडी है?"

"माझ्या अंगणात! और किधर? तेरे दुकान में?"

"नहीं साईं, मैं तो खाली पूछ रहा हूँ, जमीन..."

"जमीन मेरे बाप की है! तू स्प्रिंग का बोल!"

त्यानं नवी, जाड तारेची स्प्रिंग दिली. ती बसवली, रिंग पार वर चढवली, बुडबुडा मधोमध! लग्नाच्या सकाळी काळूराम न्यायला आला, तेव्हा मी अंगणात असा उभा होतो, जसं विमान बनवलंय.

काळूराम चालवायला, मी डावीकडे. गाडी काय पळते महाराजा! खड्डे कळत नाहीत. पण सपाट डांबर लागलं तसा काळूराम माझ्याकडे बघायला लागला.

"भावोजी, तुमचा वजन वाराला काय ओ? गारी तुमच्या अंगाव झुकतेय."

"सासुरवाडीचा पाहुणचार!" मी हसलो.

मांडवापुढं उतरलो. सपाट, सारवलेली जागा. मी उतरलो तरी गाडी झुकलेलीच! बायका बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "गारी एका कुशीव निजली गं बाय!"

सासरच्यांना दाखवायला पाणसळ मी मुद्दाम खिशातून नेली होती. डिकीवर ठेवली. बुडबुडा असा पळाला, की काय उंदीर पळेल!

"रिंग फिरवा ना, भावोजी!" काळूराम रडकुंडीला.

रिंग फिरवायचा पाना? तो अंबरनाथला, अंगणात! आणि इकडं बँड सुरू.

तेवढ्यात आदल्या दिवशीच माहेरी आलेली बायको जवळ आली. आवाज खाली ठेवून विचारते, "अहो, आपल्या अंगणाला उतार आहे ना?"

"कसला उतार?"

"पंधरा वर्षं झाली, भांड्यांचं पाणी आपोआप मोरीकडे कसं जातं? तुम्हीच तर कोबा घातलात!"

मीच घातला होता. ह्याच पाणसळीनं उतार काढला होता. आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलाही होता, 'बघा, एक थेंब थांबत नाही!'

आता बोला! त्या उतारावर मी गाडी सरळ केली होती, आणि वळवल्यावर उतार दुसऱ्या बाजूला आला तर पुन्हा केली होती. म्हणजे गाडी सरळ होती, पण फक्त माझ्या अंगणात, आणि तीही तोंड रस्त्याकडे असेल तरच. बाकी सगळ्या पृथ्वीवर तिरकी!

वरात निघाली. नवरदेव डावीकडे बसलेला, तोल सावरायला मान उजवीकडे. फोटोवाला ओरडतोय, "नवरदेव, सरळ बसा!" कसा बसणार? पण एक सांगतो, खड्ड्याखड्ड्यातून गेली, मुंडावळ्यासुद्धा हलल्या नाहीत. काळूराम उतरला तो हसतच. "भावोजी, गारी तिरकी, पण गादीवर बसल्यावानी आली ओ!"

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन लछूशेठकडे गेलो. गिऱ्हाइकांसमोरच माफी मागितली. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि एवढंच विचारलं, "तो साईं, गाडी किधर खडी थी?"

त्या वरातीचा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. मी तो तिरका टांगलाय. बायको रोज सरळ करते, मी रोज तिरका करतो. आलेला पाहुणा म्हणतोच, "मिस्त्री, फोटो वाकडा लागलाय."

"नीट बघ!" मी म्हणतो. "गाडी सरळ आहे का नाही?"

मग तो नीट बघतो. गाडी एकदम सरळ असते. कलंडलेलं असतं ते आख्खं वऱ्हाड, आणि सगळ्यांच्या पुढे, हातात पाणसळ धरून, मी.