माझ्यासमोर नको

उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले आणि मी एकटीने चहा प्यायला लागले. त्याआधी बावीस वर्षं फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत मी आणि एक मैत्रीण एकाच चेंबरमधून वकिली करत होतो. संध्याकाळी खालून चहा यायचा आणि दिवसभरात भेटलेल्या न्यायाधीशांच्या नकला व्हायच्या. माझ्या शपथविधीला ती आली, तिने मिठी मारली. काही दिवसांनी माझ्याच कोर्टात उभी राहिली आणि मान लववून “माय लेडी” म्हणाली. मला हसू येत होतं, तिला नाही. पुढे तिची प्रकरणं मी घ्यायची थांबवली. हळूहळू तिचा फोनही थांबला. तिचं काही चुकलं नाही. आमचं येणंजाणं राहिलं असतं तर दोघींकडेही बोट दाखवलं गेलं असतं.

अपिलाचं काम तसंही एकट्याचं. साक्षीदार खालच्या कोर्टात येऊन जातात, आमच्यापर्यंत त्यांचे कागद येतात. कोण रडलं, कोण अडखळलं, हे त्यात नसतं. कोर्टाच्या व्हरांड्यातून चालताना चोपदार पुढे असायचा आणि लोक भिंतीला टेकून वाट द्यायचे. पहिल्या आठवड्यात संकोच वाटला. नंतर सवय झाली, हे जास्त वाईट.

माझा थोरला भाऊ घोडपदेवच्या चाळीत राहायचा. आम्ही दोघं तिथेच वाढलो. वडील गेले तेव्हा दादा दहावीत होता. तो शाळा सोडून शिवडीला एका गोदामात कामाला लागला, म्हणून मी शिकू शकले. मी वकील झाले, न्यायाधीश झाले, पण दादा कधी कोर्टात आला नाही. “तिकडे आपलं काय काम?” म्हणायचा.

न्यायाधीश होऊन मला सहा-सात वर्षं झाली होती. एका संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या फायली चाळताना एका अपिलावर आमच्या चाळीचं नाव दिसलं. चाळ पाडायच्या नोटिशीविरुद्ध रहिवासी खालच्या कोर्टात हरले होते आणि आता वर आले होते. अपील करणाऱ्यांच्या यादीत अकरावं नाव दादाचं होतं.

सकाळी प्रकरण पुकारलं. शेवटच्या बाकावर दादा बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. शेजारी चाळीतली सात-आठ माणसं. मी फाइल उघडलीही नाही. “नॉट बिफोर मी,” एवढंच म्हणाले. म्हणजे हे प्रकरण माझ्यासमोर नको, दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्या. कारण सांगायचा प्रघात नव्हता, मीही सांगितलं नाही. लगेच पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. ती माणसं गोंधळून वकिलाच्या तोंडाकडे बघत होती. दादा उठला तेव्हा मी मान खाली घालून पुढची फाइल वाचत होते. खरं तर वाचत नव्हते.

अपील दुसरीकडे चालू असेपर्यंत दादाशी बोलणं मला योग्य वाटेना. चाळीत जाणं तर नाहीच. त्या वर्षी भाऊबीजेला मी आजारी असल्याचा निरोप वहिनीला पाठवला. मी ठणठणीत होते. पुढच्या वर्षी निरोपही पाठवला नाही आणि तिकडूनही कुणी विचारलं नाही.

तीन वर्षांनी अपील फेटाळलं गेलं. तो निकाल मी घरी बसून पूर्ण वाचला. चांगला लिहिला होता. मी असते तरी बहुधा तोच दिला असता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. चाळ पडली, दादा आणि वहिनी वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात गेले. तेव्हाही मी भेटायला गेले नाही.

निवृत्त झाले, गाडी गेली, चोपदार गेला, मी दादरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. महिनाभर धीर गोळा केला आणि एका दुपारी टॅक्सी करून वडाळ्याला गेले. वहिनीने दार उघडलं. दादा टीव्हीवर मॅच बघत होता.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला अहोजाहो केलं. मी बसले.

“दादा, त्या दिवशी मला ते प्रकरण घेताच आलं नसतं. तुझं नाव होतं त्यात.”

“माहितीय. आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं मी, ती नाही ऐकणार म्हणून. कोणाला पटलं नाही.”

“दोन वर्षं शेजारी बोलत नव्हते ह्यांच्याशी,” वहिनी आतून म्हणाली. “बहिणीने हात झटकले म्हणायचे.”

“मग आलास कशाला तू?” मी विचारलं.

त्याने रिमोट हातात घेतला.

“वकील म्हणाला, तुमचं अपील आहे, तुम्ही बसू शकता. एरवी काय म्हणून आलो असतो? बघायचं होतं, खुर्चीत कशी दिसतेस.” मग टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाला, “मान वर नाही केलीस.”

इतकी वर्षं लोकांच्या युक्तिवादातल्या फटी शोधल्या, इथे शोधायला काही नव्हतं. वहिनीने चहा आणला, तो प्याले. निघताना म्हटलं, नवी इमारत होईपर्यंत दादरला चला, दोन खोल्या रिकाम्या आहेत.

“तिकडे दिवसभर बोलणार कोणाशी?” दादा म्हणाला.

“इथे निदान भांडायला शेजारी आहेत,” वहिनी म्हणाली.

दोघंही अगदी सहज बोलले, मला टोचावं म्हणून नाही.

आता दर गुरुवारी जाते. दादा कधी ‘तू’ म्हणतो, कधी ‘तुम्ही’. मी दुरुस्त करत नाही. निघताना म्हणतो, “पोचल्यावर फोन करा.” घरी येऊन मी फोन करते. वहिनी उचलते, पोचलात ना विचारते, मी हो म्हणते. त्यानंतर बहुतेक पुढच्या गुरुवारपर्यंत कोणाशी फारसं बोलणं होत नाही.