नरडाण्याला स्थळ पाहायला

आमच्या असोद्यात मुलगी द्यायची तर घरातले मोठे आधी जाऊन मुलाचं घर पाहून येतात. मुलीला नेत नाहीत. त्या सकाळी आम्ही तसेच निघालो होतो, फक्त नवरदेव नव्हता.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलींना कारखान्यातलं शिलाईकाम शिकवतात; राहायची सोयही आहे. माझ्या शिवणवर्गातल्या वर्षाला तिथं जायचं होतं. दहावी झाल्यापासून ती आईबरोबर कापूस वेचायला जाते. घरात शब्द चालतो तो तिच्या आजोबांचा.

"पाह्यल्याशिवाय नातीले धाडनार नही," आबा म्हणाले. "आवडलं नही तं इषय बंद."

"चला आबा. पण वर्षाही येईल."

"पोरीले कोनी नेते का घर पाह्यले?"

"राहायचं तिला आहे!" मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. एवढं तरी मला ठणकावता यायलाच हवं.

जळगावहून आम्ही तिघांनी पॅसेंजर धरली. केळीच्या बागा मागे पडल्या. अमळनेरनंतर काळी जमीन आणि कपाशी. गाडीतच कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याच्या भरताची शिदोरी सोडली.

"इकडं केळी नही दिसत," आबा म्हणाले, जणू नवरदेवाचं वय लपवलं होतं.

रिक्षावाल्यानं भलत्याच कारखान्यासमोर उतरवलं. भर उन्हात पायपीट करून वसतिगृहावर पोहोचलो, तेव्हा आबांचा पारा चढलेला. त्यांनी नळ सोडून पाहिला, संडासात शिरून आतून कडी लावून पाहिली, कुंपणाची भिंत हातानं ढकलून पाहिली. वसतिगृह सांभाळणाऱ्या अक्का हसल्या.

"घाबरू नका, आबा. बठ्ठ्या पोरी आठेच ऱ्हातस." (सगळ्या मुली इथंच राहतात.)

आबांचा चेहरा जरा सैल झाला. मग अक्कांनी शिलाईच्या खोलीत नेऊन वर्षाला मशीनवर बसवलं, आणि तिथंच फसलं. माझ्या वर्गात सगळी पायमशीनं. वर्षानं सवयीनं पूर्ण पाय दाबला. विजेचं मशीन सुसाट सुटलं, कापडाचा चोळामोळा झाला, दोरा तुटला. मागच्या मुली खिदळल्या.

"चला, झालं पाहून," आबा उठले.

"थांबा आबा," वर्षा मान वर न करता म्हणाली.

त्यांच्या घरात आबांना कुणी थांबवत नाही. ते तसेच उभे राहिले. वर्षानं शिवण उसवली, चप्पल काढली आणि नुसत्या अंगठ्यानं मशीनची पायपट्टी दाबली. थोडं शिवलं, थांबली, पुन्हा शिवलं. दुसरी शिवणही वाकडीच गेली. तिसरी सरळ आली. आबांनी कापड उजेडात धरून ओढून पाहिलं.

परतीच्या गाडीत तिनंच विचारलं, "आबा, काय सांगायचं त्यांना?"

"मले काय पुसते? घर तू पाह्यलं."

"सोमवारी जाते मग."

आबांनी मान खिडकीकडे वळवली. पण नाही म्हणाले नाहीत.

मी दर आठवड्याला घरोघर फिरून 'मुलीला पाठवा' म्हणत होते. पाठवायचं कुठं, हे त्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. सोमवारी वर्षा गेली. संध्याकाळी गल्लीतल्या दोन बायका दारात उभ्या.

"आमच्या पोरीचं घर पाह्यले कधी नेते, ताई?"

"उद्या म्हणाल तर उद्या," मी म्हटलं. "पण पोरीला सोबत घ्यायची. ती नसेल तर मी तिकीट काढणार नाही."